एक वाजताची रेघ

खोलीत दुसरं माणूस आलं, तरी त्याच्या अंगाच्या उबेने दुर्बिणीचा नाजूक आरसा बिघडायचा, म्हणून केतकी दिवसभर एकटीच बसायची. विजेचा दाब वाढवला की आरसा केसाच्या हजाराव्या भागाइतका फुगायचा, कमी केला की बसायचा. आरसा फुगला की पडद्यावरची रेघ वर चढायची; ती सरळ ठेवायची, एवढंच तिचं काम. पण रोज एकच्या ठोक्याला रेघ जराशी वर चढायची. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर आरसा भंगारात जाणार होता.

शुक्रवारी तिने वॉचमन गेनूकाकांना फोन लावला. "काका, तुम्ही दुपारी कुठे जेवता?"

"तुझ्याच भिंतीला टेकून. का गं?"

"तुमच्या पाठीच्या उबेने माझा आरसा फुगतोय."

"हे आमच्या हिला सांग की. तिच्या मते माझ्याने साधी काडी हलत नाही." काका हसले. "बरं, उद्यापासून गेटवर जेवतो."

शनिवारी एक वाजला तरी रेघ हलली नाही. आरसा पास झाला, साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. केतकीने डबा उघडला आणि काका टेकायचे त्या भिंतीकडे बघत दोन घास खाल्ले. मग तिने विजेचा दाब किंचित वाढवून रेघ रोजच्याइतकीच वर चढवली, आणि जेवण होईपर्यंत तशीच राहू दिली.