अनोळखी स्टेशन

निवृत्तीनंतर कुमठेकर गच्चीवर रेडिओ लावून नौदलाचे संदेश ऐकत आणि कोणतं जहाज बोलतंय ते ओळखत. एका आवाजाचा मात्र पत्ता लागेना. तो रोज दुपारी नुसते आकडे वाचायचा. छंदवाल्यांच्या ग्रुपवर कुणी पाणबुडी म्हणालं, कुणी परदेशी जहाज.

आज तो मध्येच शिंकला आणि “सत्य आहे” असं पुटपुटला. स्वतःच शिंकून असं म्हणणारा कुमठेकरांच्या ओळखीत एकच होता, भांडून नौदलात गेलेला त्यांचा मुलगा. तीन वर्षं त्याचा फोन नव्हता.

त्यांनी बायकोला वर बोलावून हेडफोन दिला.

“काय म्हणतोय?”

“आकडे वाचतोय,” ती म्हणाली. “आवाज बसलाय त्याचा.”

ग्रुपवर कुणीतरी विचारलं, “पटली का ओळख?”

“नाही,” असं लिहून ते दुसरी खुर्ची आणायला खाली गेले.