अँटेना थोडा पुढे असतो

माणसाने आकाश जिंकले आहे. ते आमच्या जुन्या टीव्हीच्या एकुलत्या एका सॉकेटात कोंबायला मात्र मेकॅनिकला अख्खी दुपार लागली. गच्चीवरची डिश आणि अँटेना, दोन्हींसाठी मिळून त्याने एक खटका बसवला आणि चहाला न थांबता तो निघून गेला.

मी खटका डिशकडे केला. पडद्यावर आमचीच खोली होती. खुर्चीत मी, शेजारी मटार सोलणारी बायको.

मी फोनवर मेकॅनिकला फैलावर घेतले. "बातम्या लावायला सांगितल्या होत्या, आम्हाला नव्हे."

"काका, अँटेनावर बघा. डिशचं चित्र आकाशात जाऊन येतं, म्हणून जरा मागे पडतं. अँटेना थोडा पुढे असतो."

खटका फिरवला. तीच खोली, मटार सोलणारी तीच बायको. माझी खुर्ची मात्र रिकामी होती, आणि तिच्यावर माझा चष्मा ठेवलेला होता.

"ह्याला काय अर्थ आहे? माझ्या घरात, माझ्या खुर्चीत मीच नाही?" मी कडाडलो.

बायकोने मटारांवरून नजरही उचलली नाही.

"अहो, तेवढा चष्मा काढून खुर्चीवर ठेवा. मागाहून सापडत नाही."