नाल्यापलीकडची पाहणी

दसरूने पाईपच्या वरच्या तोंडावर तळहात दाबून धरला. जीपचं इंजिन दोनदा खोकललं आणि बंद पडलं.

"गेली का वाया?" दिनेशने विचारलं. दिनेश म्हणजे पाहणीला आलेल्या साहेबांचा ड्रायव्हर. पांढरी सरकारी गाडी त्याने नाल्यापासून शंभर पावलं मागे, उंचावर लावली होती.

"वाया नाई. आता बराबर झाली. वरून हवा बंद केली अन् इंजिन मेलं, म्हणजे मधातून कुठूनच हवा घेऊन राह्यलं नाई. जिथून हवा शिरत नाई, तिथून पाणी बी शिरत नाई."

"पण दसरूभाऊ, जीपले शिंग फुटल्यावानी दिसते."

"शिंग दिसो का शेपूट. साहेब पल्याड गेले पाह्यजे."

पाईप बोअरवेलचा होता. इंजिन जिथून हवा ओढतं ते तोंड बॉनेटखाली, हेडलाइटच्या उंचीवर. त्यातून पाणी ओढलं गेलं की आतला रॉड वाकतो आणि जीप भंगारात जाते. दसरूने ते तोंड पाईपला जोडून काचेच्या कडेने थेट टपापर्यंत नेलं होतं. सांध्यांवर सायकलची ट्यूब गुंडाळून वरून तार आवळली होती. एटापल्लीच्या बाजाराच्या फेऱ्या बुडवून तीन दिवस तो हेच करत होता.

नाल्यापलीकडच्या वेंगाटोला गावाने पुलासाठी आजवर दोन अर्ज दिले होते. दोन्ही वेळा भर पावसाळ्यात साहेब आले, याच काठावर उभे राहिले, पाण्याकडे पाहिलं आणि परत फिरले. मागाहून कागद आला: पाण्यामुळे पाहणी होऊ शकली नाही. म्हणजे पूल नाही म्हणून पाहणी नाही, आणि पाहणी नाही म्हणून पूल नाही. उन्हाळ्यात आले असते तर नाला कुठे आहे, असं विचारलं असतं.

मागच्या श्रावणात दसरूच्या बायकोला, सोमारीला, कळा सुरू झाल्या. चौघांनी खाटेवर घालून तिला नाल्यापर्यंत आणलं. पाणी उतरायला सहा तास लागले. सोमारी वाचली. पोरगी वाचली नाही.

तिसरा अर्ज गावच्या आशा सेविकेने, निशाने लिहिला. दसरूला ती एवढंच म्हणाली होती, "दादा, मी लिहिणार, ते येणार. पण गावात पोचले तरच त्याले पाहणी म्हणतेत. पोचवाचं काम तुमचं."

साहेब नवे होते. वयाने तरुण, बोलायला गोड. बूट काढून त्यांनी मांडीवर घेतले आणि जीपमध्ये बसले.

"नक्की जाईल ना?"

"तुमी फक्त दांडी पकडून बसा, साहेब."

दसरूने फॅनचा पट्टा काढून ठेवला होता, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. पुढे जाळीवर ताडपत्री बांधली होती. चारही चाकांना ताकद देणारा दांडा त्याने ओढला आणि जीप पहिल्या गिअरमध्ये पाण्यात घातली. आता गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही, घाई तर मुळीच नाही.

हेडलाइट बुडाले. पाणी बॉनेटवर चढलं. मध्यावर मागचं चाक गोट्यावरून घसरलं आणि जीप बाजूला वाहू लागली. साहेबांनी डोळे मिटले. दसरूचे कान फक्त डोक्यावरच्या पाईपकडे होते. पाईप घरघरत हवा ओढत होता. पुढच्या चाकांना वाळू लागली, तसा त्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

पलीकडे अख्खं गाव उभं होतं. आरडाओरडा असा झाला की साहेबही हसले.

पाहुण्याचे पाय धुतात तसे बायांनी त्यांचे पाय धुतले. साहेबांनी शाळा बघितली, राशनची रिकामी खोली बघितली. सोमारीशी बोलले. साहेब वहीत लिहीत राहिले. याआधी एकाही साहेबाने या गावात पेन उघडला नव्हता.

परत निघताना दसरूने बॉनेट उघडलं आणि फिल्टर काढून दाखवला. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं. बोटाला कोरडी धूळ लागली.

"एवढ्या पाण्यातून आलो आणि थेंबही नाही?"

"थेंब बी नाई, साहेब! याच्याऊन जास्त पाणी असतं तरी काढली असती." दसरूची छाती फुगली होती. "बाजूचे लोक भेतेत. मी नाई भेत."

"दसरूची गाडी म्हणजे बोट हाय," मागून कोणी तरी म्हणालं. सगळे हसले. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

अलीकडच्या काठावर उतरल्यावर साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "दसरूभाऊ, तुमच्यामुळे पहिल्यांदा खरी पाहणी झाली. मी जे डोळ्यांनी पाहिलं, तेच लिहिणार."

"तेच लिवा साहेब. आमाले दुसरं काई नाई पाह्यजे."

त्या संध्याकाळी दसरू सोमारीला त्यांच्या माडिया बोलीत म्हणाला, "पुढच्या पावसाळ्यात खांब उभे राहतील." सोमारी बऱ्याच दिवसांनी त्याच्याशेजारी येऊन बसली.

पोळा झाल्यावर पाकीट आलं. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. निशाने पाकीट फोडलं, कागद मनातल्या मनात वाचला आणि घडी घालू लागली.

"मोठ्यानं वाच ना वो," दसरू म्हणाला. "काऊन थांबली?"

निशाने कागद पुन्हा उघडला.

"प्रत्यक्ष गावात जाऊन पाहणी केली. नाल्याला पूर असतानाही चारचाकी वाहनाने सुरक्षित ये-जा होते, याची स्वतः प्रवास करून खात्री केली. सबब, पुलाची आवश्यकता नाही."