सहावा मजला

बेचाळीस वर्षं आईच्या घरी काढल्यावर मिर्तानं ब्युनोस आयर्समध्येच एकदाचं वेगळं घर बघितलं. थेरपिस्ट नोएमीबाईंच्या कोचावर पडल्या पडल्या ती तोऱ्यात म्हणाली, "निर्णय सर्वस्वी माझा. आईला विचारलंसुद्धा नाही."

"कितवा मजला?"

"पहिला. सहाव्यावरही एक होतं, भाडं तेवढंच आणि दिवसभर ऊन. पण तिथली लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. आई तिच्यात पाऊल टाकायची नाही."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मिर्ता छताकडे बघत राहिली आणि मग तिचं तिलाच हसू आलं.

"म्हणजे घर माझं, पण मजला आईनंच निवडला."

त्याच संध्याकाळी तिनं सहाव्या मजल्याच्या घराचं नक्की केलं.

राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी बेल वाजली. दारात आई उभी, हातात रॅव्हिओली पास्त्याचं गरम पातेलं, आणि धाप अजिबात लागलेली नाही.

"लिफ्टनं आलीस? अगं, तुला तर भीती वाटते ना?"

"ती केव्हाच गेली," पातेलं तिच्या हातात देत आई म्हणाली. "थेरपीला काय तू एकटीच जातेस?"