तिसरा पेला

धडगावच्या आरोग्य केंद्राची उडती रुग्णवाहिका वर उठताना जोराचा हिसका द्यायची. म्हणून दिवस भरलेली जिरमी तिच्यात बसायला तयार नव्हती. पोटातलं मूल आडवं होतं आणि दरड कोसळून मोठ्या रुग्णालयाकडे जाणारा घाट बंद झाला होता.

"ताई, थोडं थांब," मेकॅनिक सुगंधा तिला म्हणाली. "आधी हिसका घालवते, मगच तुला बसवते."

छोटं इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपुढे गेलं, की टर्बो त्यात एकदम हवा कोंबायचा. तिथेच हिसका बसायचा. सुगंधाने लॅपटॉपवर सेटिंग बदललं. आता हवेचा दाब लवकर सुरू होऊन हळूहळू चढणार होता. मग स्ट्रेचरवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून तिने रुग्णवाहिका हातभर उचलली. पाणी सांडलं. दुसऱ्यांदाही सांडलं. दर वेळी सेटिंग थोडं बदलत गेल्यावर तिसऱ्या पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं.

जिरमी नर्सचा हात घट्ट धरून, डोळे मिटून आडवी झाली. बराच वेळ गेला.

"सिस्टर, निघायचं कधी?"

"खिडकीतून बघ जरा," नर्स म्हणाली.

खाली तापीचं पात्र चमकत होतं. जिरमीने पोटावर हात ठेवला आणि हसली.

"ह्यालाही कळलं नाही," ती म्हणाली.