कार्डांचा डबा

माझ्या हाताखाली रुजू झाली त्या दिवसापासून ती मला ‘मामा’ म्हणायची. “एवढा गोडवा फुकट नसतो,” बायको बजावायची. मी हसण्यावारी न्यायचो. मोठ्या गिऱ्हाइकांशी तिची ओळख मीच करून दिली. प्रत्येक भेटीनंतर ती एका व्हिजिटिंग कार्डामागे काहीतरी टिपायची. मी डोकावलो की कार्ड सुलटं करायची. आज तिला माझ्या वरची खुर्ची मिळाली. तिचं सामान नव्या केबिनमध्ये हलवताना तिच्या व्हिजिटिंग कार्डांचा डबा मीच उचलला आणि झाकण निसटलं. आत तीन कप्पे: ‘साहेब’, ‘गिऱ्हाईक’, ‘मामा’. शेवटच्या कप्प्यात अकरा कार्डं होती, सगळ्यात मागे माझं. त्याच्यामागे माझ्या ओळखीची सात नावं. सहांपुढे बरोबरची खूण. सातवं माझ्या मेहुण्याचं, तो दुसऱ्या कंपनीत संचालक; त्यापुढे खूण नव्हती. “मामा,” आतून लाडिक हाक आली, “मेहुण्यांशी एकदा गाठ घालून द्याल ना?” झाकण लावत मी विचारलं, “कितव्या मामाला विचारताय, मॅडम?”