विज्ञान केंद्राच्या जागेवरचा म्हसोबा

मार्च संपत आला होता आणि जेसीबी सकाळपासून म्हसोबासमोर गप उभा होता.

"ड्रायव्हर खाली उतरून बसलाय, सर," इंजिनियर शुभदा म्हणाली. "देवाला हात लावणार नाही म्हणायलाय. आज पाया खोदला नाही तर निधी परत जातो. पुन्हा काही मिळायचा नाही."

महारुद्र सर लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसून राहिले. परभणीत विज्ञान केंद्र व्हावं म्हणून त्यांनी निम्मं आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. साहेब बदलले, सरकारं बदलली, भूमिपूजनाचे नारळ तेवढे फुटत राहिले. जागा शिल्लक राहिली हेच नवल. आजूबाजूचे मोकळे प्लॉट टपऱ्यांनी गिळले; इथे मात्र एका सकाळी शेंदूर फासलेला दगड दिसला आणि टपरीवाले हात जोडून मागे सरकले. बसवताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून देव स्वयंभू ठरला.

सर देवबिव मानत नसत. पालमपासून राणीसावरगावापर्यंत शाळाशाळांत जाऊन त्यांनी भोंदूंचे चमत्कार उघडे पाडले होते. गावात त्यांना मान होता तो त्याचाच.

म्हसोबापुढे चांगुणाबाई ठाण मांडून बसली होती. पूर्वी ती सरांकडे धुणंभांडी करायची. घरातला वरवंटा गेला तेव्हा सरांच्या पत्नी, प्रमोदिनीबाई, तिला नको ते बोलल्या आणि तिनं काम सोडलं. तेव्हापासून ती देवाची दिवाबत्ती करी आणि सरांच्या दाराकडे बघतही नसे.

"चांगुणाबाई, पोरांसाठी चाललंय हे," सर थकून म्हणाले. "कोपऱ्यात देवाला चांगलं देऊळ बांधून देतो."

"तुमी लय शिकलेले, सर. पर ज्याच्या हातानं देव बसतो, त्याच्याच हातानं उठतो. आमच्यात तसंच हाय. ह्याला तर कुनी बसवलंच न्हाई. मग उठवनार कोन?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. शुभदाचा फोन वाजला. "साहेब विचारायलेत, सर. काय सांगू?"

पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची, या विचारानंच सरांना जीव नकोसा झाला होता.

मग ते उठले. चपला काढल्या आणि म्हसोबापुढे गुडघे टेकले. लोक चपापले, सर आणि देवापुढे? मागे कुणीतरी हसलं, कुणी मोबाइल काढला.

सरांनी दोन्ही हातांनी दगड हलवून हलवून जमिनीतून उपसला. मातीत राहिलेलं, शेंदूर न लागलेलं, वाटून वाटून गुळगुळीत झालेलं टोक चांगुणाबाईसमोर धरलं.

"ओळखलात?" ते मान खाली घालून म्हणाले. "आमचा वरवंटा."